चिंचोके, कवड्या आणि पाटी

श्रीरामपूरच्या आठवडे बाजारात भाजीच्या पाटीमागे बसलेले पोर पावणेदोन किलो कांद्याचा हिशेब तोंडी करते. शाळेत मात्र फळ्यावरचा गुणाकार पाहून तेच पोर खाली मान घालते. हा विरोधाभास केवळ आपल्या गावचा नव्हे. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आदी अर्थशास्त्रज्ञांनी दिल्ली व कोलकात्याच्या बाजारांतील मुलांविषयी तो २०२५ साली सप्रमाण मांडला. शाळेत हुशार ठरणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नाही, ही त्याची दुसरी बाजू. २०२४ च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या जेमतेम ३१ टक्के मुलांना भागाकार येतो. मग नापास कोणाला म्हणायचे, मुलांना की शाळेला?

खेळातून गणित शिकवावे, असे आता सरकारी योजनाही सांगतात. महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांना बिया, शिंपले, खडे हाती देऊन शिकविले. सागरगोटे, कवड्यांचे दान, सापशिडी यांत मोजणी, बेरीज आणि संभाव्यता आयतीच असते.

तथापि केवळ खेळ पुरेसा नाही. दिल्लीच्या बालवाड्यांतील गणिती खेळांच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मुलांची संख्येची उपजत समज वाढली व टिकली. परंतु पुढे शालेय गणितात तिचा लाभ दिसला नाही. खेळातील दान आणि पाटीवरचा अंक यांच्यामधला पूल कोणीतरी बांधावा लागतो, आणि तो शिक्षकच बांधू शकतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर येथे दुर्मीळ वस्तू चिंचोके नव्हेत, शिक्षकाचा वेळ होय. तो निवडणुकीच्या याद्या, माहितीचे तक्ते आणि रिक्त पदांचा जादा भार यांत खर्ची पडतो. त्यावर उपाय म्हणून महागडे संच किंवा मोबाइलवरचे खेळ विकत घेणे म्हणजे ठेकेदाराची सोय पाहणे. सधन घरातल्या मुलाला शिकवणी मिळते. ऊसतोड कामगाराच्या मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेवाचून दुसरा आधार नाही. ज्याला हिशेब येत नाही, त्याला उद्या मुकादमाच्या वहीवरच विश्वास ठेवावा लागेल. म्हणून मागणी करायची ती खेळण्यांची नव्हे; प्रत्येक वर्गाला पूर्णवेळ शिक्षकाची.