हातचे काम : स्प्रे गन थुंकते तेव्हा

गाड्यांचे गॅरेज असो, लोखंडी कपाटांचा कारखाना असो की फर्निचरचे पॉलिश, स्प्रे मारणारा कारागीर आपल्या बहुतेक वस्त्यांत आहे. काम बिघडले की मालक आधी त्याच्या हाताला दोष देतो आणि मजुरी कापतो. दोष मात्र पुष्कळदा गनमध्ये असतो, आणि तो दाखवून देता येतो.

फवारा चंद्रकोरीसारखा वाकडा किंवा एका बाजूला जाड पडतो ना? मग लगेच गन खोलू नका. जुन्या कागदावर एक फवारा मारा. एअर कॅप अर्धा फेरा फिरवा आणि शेजारी दुसरा मारा. वाकडेपणाही उलटला तर कॅपच्या भोकांत कचरा आहे. होता तसाच राहिला तर नोझलमध्ये रंग सुकला आहे किंवा नोझलला मार बसला आहे. ही परीक्षा मालकाच्या डोळ्यांसमोरच करावी.

भोकात तार किंवा खिळा घालू नये. भोक जरा मोठे झाले की कॅप फुकट गेली. थिनरमध्ये भिजवून झाडूच्या काडीने साफ करा. अख्खी गन रात्रभर थिनरमध्ये बुडवण्याची खोड तर सोडाच. आतले पॅकिंग सुकते आणि गन थुंकू लागते.

थुंकते, म्हणजे रंगाच्या वाटेत हवा शिरते. कपात रंग आहे का, झाकणाचे बारीक भोक बुजले नाही ना, नोझल घट्ट आहे का, हे क्रमाने पाहा. शेवटी नीडलच्या पॅकिंगला सिलिकॉन नसलेल्या तेलाचा एक थेंब द्या.

संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा आला तर रंग घट्ट आहे, हवा कमी आहे किंवा गन लांब धरली आहे. ओघळ आले तर रंग पातळ आहे किंवा गन जवळ धरली आहे. साधारण 6 ते 8 इंच अंतर बरे. पावसाळ्यात एनसी रंगावर पांढरट झाक येते, ती हवेतल्या दमटपणाची. त्यासाठी रिटार्डर मिळतो. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज काढावे.

तोंडाला बांधलेला रुमाल रंगाची वाफ अडवत नाही. हार्डनर घालायच्या टू-के रंगात बहुधा आयसोसायनेट असते, त्याने कायमचा दमा जडू शकतो. त्याला बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. तो मालकाकडे मागावा, संकोच करू नये. आणि गन खोलण्याआधी हवेची नळी काढून ट्रिगर दाबा, आत हवा उरलेली असते.