जुन्या ट्रकला नवे इंजिन : आमचा कौल

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांच्या गोदामाबाहेर अजून जुनी टाटा १२१० उभी आहे, त्यांच्यापुढे कधी ना कधी हा सवाल येतोच. चासी भक्कम आहे, पण इंजिन थकले आहे. घरातली मुले म्हणतात, जुने काढा, आजच्या जमान्याचे टाका. डिझेल वाचेल आणि घाट एका दमात चढेल. आमच्याकडेही अशी एक गाडी आहे. ती जाताना कांदा नेते आणि येताना भिवंडीचे कापड आणते. म्हणून आम्ही चार फिटरांचा मशवरा घेतला, कागदही चाळले. आमचा कौल नव्या इंजिनाच्या विरोधात आहे.

इंजिन बदलणे ही तशी नवी गोष्ट नव्हे. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली बस नगर-पुणे मार्गावर धावली, ती बेडफर्ड होती. त्या काळच्या बऱ्याच मालमोटारी पेट्रोलवर चालत. पुढे मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पर्किन्सची पी-६ डिझेल इंजिने बनवायला घेतली, तेव्हा कित्येक मालकांनी पेट्रोल इंजिन उतरवून ते बसवले. त्यात शहाणपण होते. दोन्ही इंजिने एकाच जमान्याची आणि ताकदही जवळपास सारखी, त्यामुळे गियरबॉक्स, क्राऊन आणि ब्रेक यांच्यावर भलता जोर येत नसे. फायदा होता तो केवळ इंधनाचा.

आज मामला उलटा आहे. टेल्कोने १९५४ साली डेमलर-बेंझच्या साहाय्याने ट्रक बनवायला सुरुवात केली, १९६९ साली तो करार संपला. १२१० ही त्याच घराण्यातली गाडी. तिच्या नावातच तिचा हिशोब आहे : मालासह वजन सुमारे १२ टन आणि ताकद शंभरावर थोडी हॉर्सपॉवर. तेवढ्याच ताकदीच्या बेताने तिचे ब्रेकही दिलेले आहेत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस.-६ चे इंजिन घ्यावे, तर ते एकटे येत नाही. त्याच्यासोबत कॉम्प्युटर, सेन्सर, वायरिंग, सायलेन्सरमधली धूर साफ करणारी यंत्रणा आणि युरियाची टाकी असा सारा संसार येतो. गल्लीतला कारागीर त्यातले निम्मे बसवतो आणि निम्मे तोडतो. मग डिझेल कुठले वाचणार?

काही फिटर मधला रस्ता सांगतात : भंगारातून निघालेले, साध्या पंपाचे कमिन्स इंजिन. हा मोह आम्हालाही पडला होता. पण कांद्याची भरलेली गाडी माळशेज घाट उतरते तेव्हा ती केवळ इंजिनावर नव्हे, ब्रेकवरही उतरते. वर सपाटीला जो वेग नव्याने मिळाला, तो थांबवायला खाली जुनेच ड्रम. आमचा ड्रायव्हर नव्या इंजिनाला नाही म्हणाला, त्याचे कारण हेच.

आता कागदाचे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, आर.सी. बुकातला तपशील कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सुप्रीम कोर्टानेही या कलमाचा अर्थ असाच कडक लावला. इंजिन बदलले तर चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवून नोंद करून घ्यावी लागते. कंपनीला एखाद्या मॉडेलमध्ये दुसरे इंजिन द्यायचे झाले, तर आपल्या नगरची व्ही.आर.डी.ई. किंवा पुण्याची ए.आर.ए.आय. अशा संस्थेची चाचणी पार करावी लागते. एका ट्रकासाठी हा खटाटोप कोण करणार? आणि नोंद नसेल तर अपघातानंतर सर्व्हेअर इंजिन नंबर ताडून पाहतो. तिथे क्लेम अडला की गाडीसोबत आतला मालही गेला. उधारीवर आणलेल्या कापडाचे पैसे मात्र पेढीला द्यावेच लागतात.

कुणी म्हणेल, लष्कर नाही का बदलत? खरे आहे. ७ मार्च २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने टी-७२ रणगाड्यांची ७८० हॉर्सपॉवरची इंजिने काढून १००० ची बसवण्यासाठी २४ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. नगर तर रणगाडा दलाचे गाव, इथे ही चर्चा होणारच. पण रणगाड्याला माळशेजमध्ये कुणी ओव्हरटेक करत नाही, आणि नवा रणगाडा घेणे किती महाग ते सरकारच जाणे. आमच्यासमोर नव्या ट्रकचे शोरूम उघडे आहे.

म्हणून आमचा सल्ला साधा आहे. गाडी रोज लांब पल्ल्याला धावायची असेल, तर तिच्यावर कसलेच इंजिन चढवू नका, विकून टाका. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या जड गाडीच्या फिटनेसची फीच १२,५०० रुपये झाली होती, तीही दरवर्षी भरायची. आठवड्यात एखाद-दुसरी फेरी असेल, तर मूळ इंजिनच खोला. ब्लॉकला लायनर-पिस्टन, क्रँकला ग्राइंडिंग, पंप-नोझलची तपासणी, ही कामे करणारे हात नागापुरात अजून आहेत. वाचलेला पैसा ब्रेक आणि टायरवर घाला.

आमच्या गाडीचा ब्लॉक पुढच्या महिन्यात लेथवर जाईल. तोवर भिवंडीचा माल ट्रान्सपोर्टने मागवू, भाडे थोडे जास्त पडले तरी.