साताऱ्याची रेल्वे शहराबाहेर का? सूडकथा आणि नद्यांचा नकाशा

१/ ‘मराठ्यांच्या राजधानीवर सूड म्हणून इंग्रजांनी साताऱ्याला रेल्वेपासून दूर ठेवले.’ इतिहासप्रेमींच्या गप्पांत हे विधान हमखास येते. पुरावा मात्र कधीच येत नाही. मित्रहो, ही सूडकथा नकाशासमोर टिकत नाही, आणि तिच्या नादात आपण आजचा खरा प्रश्न विसरतो.

२/ १८७६–७८ च्या दुष्काळात दख्खनचा पूर्व पट्टा होरपळला. १८८० च्या दुष्काळ आयोगाने अवर्षणग्रस्त भागांत लोहमार्ग नेण्याचा आग्रह धरला. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीने पुणे–मिरज मार्ग बांधला तो या पार्श्वभूमीवर. व्यापार आणि लष्कर हे हेतू होतेच. पण या रेल्वेच्या जन्मामागे पावसाचा अभावही आहे.

३/ आता नकाशा उघडा. वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, ताकारी, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज. हा सारा मार्ग कृष्णेच्या पूर्वेकडूनच जातो. मिरजेपर्यंत तो कृष्णा ओलांडतच नाही.

४/ पश्चिमेकडून कृष्णेला मिळतात वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना, वारणा. साऱ्या सह्याद्रीच्या मुसळधार पावसावर पोसलेल्या. पूर्वेकडून येतात वसना आणि येरळा, अवर्षणग्रस्त माणदेश-खटावच्या बाजूच्या, पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या. पश्चिम तीर धरला असता, तर दर काही मैलांवर मोठा पूल बांधावा लागला असता.

५/ सातारा आणि कराड ही दोन्ही शहरे पश्चिम तीरावर आहेत, म्हणून दोघांचीही स्थानके नदीपलीकडे. सूडच घ्यायचा होता, तर कराडने कोणता अपराध केला होता?

६/ याचा अर्थ इंग्रज निसर्गप्रेमी होते असा नव्हे. रुळांखालच्या स्लीपरांसाठी त्यांनी जंगले तोडली; १८७८ च्या वन कायद्याने ती गावकऱ्यांच्या हातून काढून घेतली. त्यांच्या लेखी नदी म्हणजे पुलाचा खर्च आणि जंगल म्हणजे लाकूड. पण निदान खर्चापोटी तरी ते भूगोल आधी वाचत.

७/ आपण काय करतो? आधी रेघ ओढतो, घोषणा करतो आणि मग परवानग्या मागतो. २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेच्या यादीत लोहमार्ग नाहीतच. वनजमीन किंवा अभयारण्य मध्ये आले, तरच प्रश्न उपस्थित होतो. तोवर मार्ग ठरलेला असतो.

८/ याची परिणती गोव्याच्या सीमेवर दिसली. सदर्न मराठा रेल्वेच्याच जाळ्याला जोडलेल्या कॅसलरॉक–कुळे घाटमार्गाच्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. जो विचार आखणीच्या टेबलावर व्हायला हवा होता, तो न्यायालयात झाला.

९/ कराड–चिपळूण मार्गाची मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. कुंभार्ली घाटातल्या मालमोटारींपेक्षा रेल्वे बरी. पण त्या परिसरात कोयना अभयारण्य आहे, २०१० चा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची भूमी आहे. बोगदे कुठे, वन्यजीवांची वाट कुठे, दरडींचे उतार कोणते, हे पहिल्या रेघेआधी ठरायला हवे.

१०/ तेच सांगलीच्या पूरक्षेत्राचे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवा. ऑगस्ट २०१९ मध्ये मिरज–कोल्हापूर रेल्वे बंद पडली होती. पूरक्षेत्रातील रेल्वेचा भराव पुरेशा मोऱ्यांअभावी बंधाराच ठरतो. त्याने अडवलेले पाणी कोणाच्या शेतात शिरणार, हे आखणी करणाऱ्याने आधीच सांगितले पाहिजे.

११/ म्हणून पुढच्या वेळी ‘आमच्यावर अन्याय झाला’ असे कोणी म्हणाले, की त्याच्यापुढे नद्यांचा नकाशा ठेवा. आणि नव्या मार्गाची घोषणा झाली, की लोकप्रतिनिधींना एकच प्रश्न विचारा: रेघ ओढण्याआधी हा नकाशा पाहिला होता का?