जागल्याला एकटं सोडू नका

खानदेशातल्या गावांत पूर्वी जागल्या असायचा. गाव झोपलं की तो राखण करी, चोर दिसला की हाक देई. संशोधनातली लबाडी उघड करणाऱ्यालाही आता मराठीत जागल्याच म्हणतात. पण याची हाक ऐकून लोक बहुधा त्याच्यावरच उलटतात.

पुण्याचं उदाहरण घ्या. तिथल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांचा एक शोधनिबंध 2005 मध्ये अमेरिकेच्या 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री'त छापून आला. जुन्या प्रयोगाची चित्रं नव्याची म्हणून वापरल्याची निनावी तक्रार ई-मेलने झाली. बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीने शास्त्रज्ञांना निर्दोष ठरवलं. तरी नियतकालिकाने 2007 मध्ये निबंध मागे घेतला आणि 2010 मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने प्रमुख शास्त्रज्ञावर तीन वर्षांची बंदी घातली. तज्ज्ञांतच इतका मतभेद, तर तक्रारदाराने नाव का दिलं नसेल, हे आम्हाला समजू शकतं.

जळगाव, धुळ्यातल्या आपल्या मुली आता कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून पीएच.डी. करतात. उद्या एखादी म्हणाली, "अम्मी, लॅबमध्ये आकडे खोटे भरतात," तर आपलं उत्तर ठरलेलं: "बेटा, चुपचाप डिग्री पूर्ण कर." ही भीती खोटी नाही. गाईडची सही अडली की चार-पाच वर्षांची मेहनत अडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार वाङ्मयचौर्याची तक्रार पुराव्यासह करता येते आणि विभागाच्या समितीने 45 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पण जागल्यांच्या संरक्षणाचा 2014 चा कायदा मंजूर होऊनही लागू झालेला नाही.

म्हणून पहिला आधार घरानेच द्यायला हवा. आधी तिचं पूर्ण ऐकून घ्या. तारखा, नोंदी, ई-मेल जपून ठेवायला सांगा. विश्वासू प्राध्यापकाचा सल्ला घ्या. तक्रार लेखी आणि पुराव्यापुरतीच असावी. मोहल्ल्यात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाचंही नाव घेऊ नका. चौकशी होईपर्यंत समोरच्यावरही अन्याय होता कामा नये. आणि गाईड बदलावा लागून एक वर्ष गेलंच, तर "लग्नाला उशीर होतोय" असे टोमणे तिला ऐकवू नका.

खोट्या आकड्यांवर उद्या कुणाचं तरी औषध ठरेल. गवाही लपवू नये, हे मुलांना आपणच शिकवतो. मग ती देणाऱ्या मुलीच्या शेजारी उभं राहायलाही आपणच हवं.