कार्ब्युरेटर: जुना उघडू की नवा बसवू?

तर झालं असं, की आमची पद्मिनी सिग्नलला बंद पडायला लागली.

पद्मिनी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. १९८८ चं मॉडेल, १०८९ सीसीचं इंजिन आणि बाबांच्या आयुष्यातली पहिली आणि शेवटची कार. एरवी ती चिंचवडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असते. महिन्यातून एकदा मी हौसेनं हापिसला नेतो. पळताना काही तक्रार नाही, पण अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की आयडलिंग वरखाली, वरखाली आणि मग एकदम गप्प. सकाळी साडेनऊला डांगे चौकात अशी गाडी बंद पडणं म्हणजे काय, हे रोज हिंजवडीला जाणाऱ्यांना सांगायला नको. मागच्या मंडळींनी माझ्या तीन पिढ्यांचा उद्धार केला :-)

जवळच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं आणि दहा सेकंदांत निकाल दिला, "कार्बोरेटर गेला साहेब. नवीन टाका." मी डेस्कवर पोचल्यावर पहिलं काम काय केलं असेल? जालावर शोधलं. साडेपाच हजारांत नवाकोरा, चकचकीत, 'पद्मिनीसाठी' असं लिहिलेला कार्ब्युरेटर मिळत होता. टाकला कार्टमध्ये. संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "उघडून बघितलास का?"

आता गंमत बघा. आमच्या टीममध्ये एखादा नवा पोरगा लॉगसुद्धा न बघता "हे मॉड्यूल नव्यानंच लिहू या" म्हणाला, तर मी त्याला अर्धा तास लेक्चर देतो. जोएल स्पॉल्स्कीनं २००० साली नेटस्केपवर लिहिलेला लेख वाचायला लावतो. चालता कोड फेकून पहिल्यापासून लिहायला घेणं ही कंपनीची सगळ्यात मोठी चूक, असं त्याचं म्हणणं. जुन्या कोडमधल्या विचित्र दिसणाऱ्या ओळी म्हणजे कुणीतरी कधीतरी निस्तरलेले बग असतात. हे सगळं मला तोंडपाठ! आणि स्वतःच्या गाडीची वेळ आली तेव्हा मी लॉग न बघता 'बाय नाऊ'वर बोट ठेवून बसलो होतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुना कार्ब्युरेटर उघडून तपासल्याशिवाय नवा घेऊ नये. आणि उघडला, की बहुतेक वेळा दुरुस्तच करावासा वाटतो. का, ते सांगतो.

पहिली गोष्ट, कार्ब्युरेटरवर येणारे सगळे आळ खरे नसतात. पद्मिनीत कॉन्टॅक्ट पॉइंट्स असतात. त्यांची गॅप बिघडली, टायमिंग सरकलं किंवा टॅपेट घट्ट झाले, तरी लक्षणं अगदी अशीच दिसतात. शनिवारी सकाळी बाबांनी आधी हेच तपासून घेतलं. सगळं ठीक होतं. मग इंजिन सुरू ठेवून त्यांनी थ्रॉटलच्या स्पिंडलचं टोक बोटानं एका बाजूला दाबलं. आयडलिंग स्थिर झालं. बोट काढलं, पुन्हा वरखाली. दोन मिनिटांत बग सापडला. मी थक्क!

कार्ब्युरेटरमध्ये मुळात जादू काही नाही. हवा एका अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि बारीक जेटमधून पेट्रोल वर खेचलं जातं. इंजिनाला किती हवा मिळेल हे खालची पितळी चकती, म्हणजे थ्रॉटल, ठरवते. ही चकती ज्या स्पिंडलवर फिरते तो पस्तीसहून जास्त वर्षं फिरून फिरून आपलं भोक मोठं करतो. मग त्या फटीतून जास्तीची हवा आत शिरते. आयडलिंगला मुळात हवा थोडीच लागते, त्यामुळे एवढीशी फटसुद्धा मिश्रण पातळ करते. गाडी पळताना हे जाणवत नाही, सिग्नलला जाणवतं.

आणि इथेच 'दुरुस्ती करून काही होत नाही' या समजाचं मूळ आहे. बाजारात मिळणाऱ्या किटमध्ये गॅस्केट, नीडल व्हॉल्व्ह, पंपाचा डायफ्रॅम असतो. स्पिंडलची झीज त्यात कुठून दुरुस्त होणार? लोक किट टाकतात, जेटमध्ये तार घालून 'साफ' करतात (पितळ मऊ असतं, जेटचं भोक मोठं होतं, हे कृपया करू नका), गाडी तशीच राहते. मग सगळे म्हणतात, बघा, आम्ही सांगितलं होतं, नवीन टाका!

आमच्या सोलेक्सचं बाकी सगळं ठीक निघालं. फ्लोट गरम पाण्यात बुडवला, बुडबुडे आले नाहीत, म्हणजे भोक नाही. खालची फ्लँज काचेवर ठेवून पाहिली, डुगडुगली नाही. फक्त स्पिंडल खुळखुळत होता. बाबा पिंपरीच्या एका कंपनीत तीस वर्षं टूलरूमला होते. ते म्हणाले, "बुश मारू या."

आता विचार करा. हिंजवडीच्या आयटी पार्कपासून भोसरी एमआयडीसी किती लांब? तिथे गल्लोगल्ली लेथ आहेत, शतांश मिलिमीटरमध्ये काम करणारी माणसं आहेत. जगभरात जाणाऱ्या गाड्यांचे सुटे भाग या पट्ट्यात बनतात. आणि आम्ही, त्याच पिंपरी-चिंचवडमध्ये राहणारे, एक भोक नीट करून घ्यायचं तर मोबाइल काढतो! भोसरीतल्या एका छोट्या शॉपमध्ये काकांनी बॉडी हातात घेतली, भोक मोठं करून पितळी बुश बसवले, रीम केले आणि नवा स्पिंडल टर्न करून दिला. सहाशे रुपये. किटचे आठशे. एकूण चौदाशे, शिवाय दोन कटिंग.

पण पैसे वाचले म्हणून दुरुस्ती करा, असं माझं म्हणणं नाही. उद्या तुमच्या गाडीला हेच काम चार हजारांना पडेल. शिवाय नवा बसवणंही कधीकधी बरोबर असतं. बॉडीला तडा असेल, फ्लँज फार वाकली असेल, पुन्हा सपाट करण्याइतका धातू उरला नसेल किंवा आधीच्या मालकानं दुसऱ्याच गाडीचा कार्ब्युरेटर जुगाड करून ठोकला असेल, तर खुशाल बदला. फक्त 'नवा' म्हणजे 'बरोबर' असं समजू नका. जेट तुमच्या इंजिनाचे आहेत का, स्पिंडल आत्ताच हलतोय का, हे तिथेही बघावंच लागतं. म्हणजे उघडण्यातून सुटका नाहीच.

"पण आता पेट्रोल बदललंय, जुना कार्ब्युरेटर कसा चालेल?" असं एका कलीगनं विचारलं. प्रश्न रास्त आहे. ई२० ची विक्री २०२३ साली सुरू झाली आणि २०२५ पर्यंत तेच सगळीकडे आलं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणजे त्याच जेटमधून ई२० गेलं की मिश्रण आणखी पातळ. शिवाय इथेनॉल जुनं रबर खातं आणि पाणी शोषून घेतं. पण जुन्या नकाशावरून बनवलेला नवा कार्ब्युरेटर यातलं काय सोडवणार? जेट एक पायरी मोठा घ्यायचा, नळ्या आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे टाकायचे, गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीनं उभी ठेवायची नाही. हे दोन्हीकडे करावंच लागतं.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. पद्मिनीचं उत्पादन २००१ साली थांबलं, तरी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे तिचे पार्ट्स आणि मिस्त्री टिकून होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. २०२० साली बीएस-६ आलं आणि नव्या दुचाकींमधूनही कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. आज गॅरेजला लागणारा मुलगा स्कॅनर जोडायला शिकतो. त्यात त्याची चूक काहीच नाही, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. पण कार्ब्युरेटर कुणी उघडलाच नाही, तर दहा वर्षांनी नवा बसवायलाही माणूस मिळणार नाही.

आणि नवा पार्ट मागवला असता, तर मला आणखी एक गोष्ट कळली नसती. लहानपणी बाबा दर रविवारी कानानं आयडलिंग लावायचे, बॉनेटवर वाकून, डोळे मिटून. गेली दोन वर्षं त्यांना कमी ऐकू येतं. गाडीला हात लावणं त्यांनी का सोडलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, कंटाळले असतील.

रविवारी कार्ब्युरेटर पुन्हा बसवला. बाबांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर, मिक्स्चरच्या स्क्रूवर. ऐकायचं काम माझं.

"आता?"

"अडखळतंय अजून."

"आता?"

"वाढलं."

"मग थांब, अजून पाव आटा. आता?"

"आता... बाबा, आता एकसारखं आहे."

त्यांनी एअर क्लीनरवर तळहात ठेवला आणि मान हलवली. सोमवारी डांगे चौकात तीन सिग्नल खाल्ले. गाडी एकदाही बंद पडली नाही.

कार्टमधला तो साडेपाच हजारांचा कार्ब्युरेटर अजून तसाच आहे. रोज ईमेल येतं, 'तुम्ही काहीतरी विसरलात.' असो. या वीकांताला बाबा पॉइंट्सची गॅप लावायला शिकवणार आहेत.