दुर्मिळ तबकड्या आणि आपलें कर्तव्य

गाणें म्हणजे खिशांतील फोनमधून वाटेल तेव्हां ऐकावयास मिळणारी वस्तु, अशी आमच्या विद्यार्थ्यांची समजूत झालेली दिसते. ती सर्वांशीं खरी नाहीं. कंपनीनें एखादी तबकडी काढणें बंद केलें, म्हणजे त्या गाण्याचें आयुष्य लोकांच्या घरीं उरलेल्या प्रतींवरच अवलंबून राहतें. फोनवर जें जुनें गाणें मिळतें, तेंही पुष्कळदां कोणीतरी जपलेल्या अशाच प्रतीवरून उतरविलेलें असतें.

एक उदाहरण देतों. गोव्यांतील केरी गांवीं १८९२ सालीं जन्मलेल्या केसरबाई केरकर ह्यांनीं अल्लादियाखांसाहेबांजवळ वर्षानुवर्षें तालीम घेतली. ध्वनिमुद्रणाची त्यांस फारशी आवड नव्हती. म्हणून त्यांच्या तबकड्या मोजक्याच. १९७७ सालीं अमेरिकेनें ‘व्हॉयेजर’ नांवाचीं दोन यानें अवकाशांत सोडलीं. त्या प्रत्येकावर पृथ्वीवरील नाद व संगीत साठविलेली, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तींतील २७ संगीतखंडांत भारताचा एकच. तो म्हणजे केसरबाईंची सुमारें साडेतीन मिनिटांची भैरवी. परंतु निवड झाली तेव्हां ही तबकडी बाजारांत मिळेना. कार्ल सेगन ह्या शास्त्रज्ञाच्या सहकाऱ्यांनीं पुष्कळ शोध केल्यावर न्यूयॉर्क येथें एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत्-उपकरणांच्या दुकानांत, मेजाखालीं, तिच्या प्रती हातीं लागल्या. दुकान झाडतांना त्या अडगळ म्हणून टाकल्या गेल्या असत्या, तर कदाचित् ही भैरवी यानावर गेलीच नसती. त्याच वर्षीं सप्टेंबरांत केसरबाई वारल्या.

हा धोका केवळ जुन्या गायकांसच आहे असें नव्हे. आजचीं तरुण गिटारवादक मंडळेंही चार-पांच गाण्यांची छोटी तबकडी अगर कॅसेट थोड्या प्रतींत काढतात. ती संपली कीं पुन्हां निघेलच असा भरंवसा नसतो.

पालक म्हणतील, लहान घरांत ही अडगळ ठेवावी कोठें? अडचण खरी आहे. परंतु आमचें मागणें फार मोठें नाहीं. आसनगांव-शहापूरकडे पूर्वीं लग्नांत कर्ण्यावर गाणीं वाजत. तसल्या तबकड्या कोणाच्या माळ्यावर असतील, तर भंगारवाल्यास देण्यापूर्वीं त्यांवरील गायकाचें नांव व क्रमांक उतरून घ्यावा आणि जाणकारास दाखवावा. मिनिटास ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची असते. पडली तर फुटते, आणि स्पिरिटनें पुसली तर लाख विरघळते. ती कोरड्या मऊ फडक्यानें पुसून, उन्हापासून दूर, उभी ठेवावी. आपल्या कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षें टिकतो. म्हणून फार जुन्या मुद्रणांची नक्कल करण्यास ती आडकाठीही राहत नाहीं.

शाळेच्या ग्रंथालयांत ह्या कामीं एक वही ठेवावी, आणि सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरची व आजोळची चौकशी करून तींत नोंद करावी, अशी आमची सूचना आहे. वस्तु ज्याची त्याच्याच घरीं राहील. ती कोठें आहे, एवढें मात्र सर्वांस कळेल.