उपचार आणि उरलेले आयुष्य

वृद्ध माणसाला कर्करोग झाला, तर आपल्याकडे ती बातमी त्याला घरात सर्वांत शेवटी कळते. कित्येकदा कळतच नाही. तपासणीचा अहवाल थोरला मुलगा वाचतो, जावई डॉक्टरांशी बोलतो, पुण्यात नोकरी करणारा धाकटा फोनवरून माहिती घेतो. आणि ज्याच्या देहात हा आजार आहे तो दवाखान्याच्या बाकावर बसून ‘काय म्हणाले डॉक्टर?’ एवढेच विचारतो. ‘काही नाही, छोटीशी गाठ आहे, औषधाने जाईल,’ असे उत्तर त्याला मिळते. या उत्तरामागे माया असते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पुढचे सगळे निर्णय या एका असत्यावर उभे राहतात. वृद्ध आईवडिलांच्या कर्करोगावर किती उपचार करावेत, या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपली पहिली चूक इथेच होते, असे माझे मत आहे.

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे कालपरवापर्यंतचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतले अकोले, तर आग्नेयेला जामखेड, असा त्याचा विस्तार आहे. लोणी येथे आणि नगरजवळ विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत. तरीही कर्करोग म्हटला की अनेक घरांची वाट पुण्याकडे किंवा मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे वळते. अकोल्याच्या एखाद्या वाडीतील पंचाहत्तर वर्षांच्या शेतकऱ्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाला आहे, असे समजू. पूर्ण मात्रेचे किरणोपचार साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालतात. जोडीला केमोथेरपी असली, तर मळमळ आणि थकवा येतो, गिळताना आणखी त्रास होतो. रोग बरा होण्याची चांगली शक्यता असेल, तर शहरातल्या भाड्याच्या खोलीत काढलेले हे दिवस सार्थकी लागतात. पण ती शक्यता फारच थोडी असेल तर? तेच दिवस त्याला आपल्या ओट्यावर, नातवंडांच्या गलक्यात आणि शेताच्या बांधावर काढता आले असते. या दोन पारड्यांपैकी कोणते जड, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

व्यवहारात तो अधिकार मुले घेतात आणि मुलांच्या मनात केवळ रोग नसतो. ‘पैशाकडे पाहिले’ असे भावकीने म्हणू नये, हा विचार असतो. वर्षानुवर्षे गावाकडे फिरकता आले नाही, याची टोचणी असते. ज्याचे येणे सर्वांत कमी झालेले असते, तोच मुलगा ‘काहीही करा, पण थांबू नका’ असा आग्रह सर्वांत जास्त धरतो, हे अनेक घरांत दिसते. त्याला दोष देणे सोपे आहे. पण सेवा करण्याची एवढी एकच रीत त्याच्यापुढे उरलेली असते. वावर विकून उपचार केले, हे सांगता येते. वडिलांच्या उशाशी बसून त्यांना काय हवे ते विचारले, हे कोणाला सांगण्यासारखे वाटत नाही.

याच्या उलट टोकालाही तेवढाच धोका आहे. ‘आता वय झाले, कशाला त्रास द्यायचा?’ हे वाक्य ऐकायला करुणेचे वाटते. पण पुष्कळदा ते खर्च आणि दगदग टाळण्याचे सभ्य नाव असते. विशेषतः रुग्ण आई असेल, तर हे वाक्य लवकर उच्चारले जाते, आणि दुखणे अंगावर काढण्याची आयुष्यभराची सवय असलेली ती स्वतःही ‘मला काही नको’ असे म्हणून मोकळी होते. तिचे ते म्हणणे इच्छेतून आले की संकोचातून, हे तपासले पाहिजे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा लवकर सापडलेला कर्करोग शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होऊ शकतो. केवळ वय हे उपचार नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे आणि त्यापुढील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले आहे. सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि मुक्काम यांचा भार घरावर राहतोच. तरी पैशाची सबब पूर्वीइतकी निर्णायक राहिलेली नाही. म्हणजे ‘सगळे करा’ आणि ‘काहीच नको’ ही दोन्ही उत्तरे सारखीच घाईची आहेत. दोन्हींत रुग्णाला विचारलेले नसते.

या विचारण्याचे मोल काय, हे एका मराठी कुटुंबाच्या अनुभवातून समजून घेता येते. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यातल्या उटी या गावचे डॉ. आत्माराम गवांदे अमेरिकेत ओहायो राज्यात शल्यचिकित्सक होते. सत्तरी ओलांडल्यावर, २००६ मध्ये, त्यांच्या मानेतील मज्जारज्जूत गाठ असल्याचे आढळले. त्यांचे पुत्र डॉ. अतुल गवांदे यांनी ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४ च्या पुस्तकात ही हकिकत मोकळेपणाने लिहिली आहे. एका तज्ज्ञाने लगेच शस्त्रक्रिया करण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने रुग्णाच्या शंका शांतपणे ऐकल्या आणि लक्षणे सहन होत आहेत तोवर थांबता येईल, असे सांगितले. आत्मारामांनी थांबणे पसंत केले. त्या काळात ते काम करत राहिले, माणसांत राहिले. २०१० मध्ये दुखणे बळावले, तेव्हा मुलाने वडिलांना समोर बसवून विचारले: तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काय आहे? चारही हातपाय लुळे पडून पूर्ण परावलंबी होणे ही त्यांची भीती होती, आणि लोकांच्या सहवासात राहता येणे ही इच्छा. त्या उत्तराच्या आधारे शस्त्रक्रियेचा निर्णय झाला आणि तो योग्य ठरला. त्यानंतरच्या किरणोपचारांनी मात्र गाठ कमी झाली नाही. तोंडाची चव गेली आणि त्रास वाढला. पुढे केमोथेरपीच्या अनेक पर्यायांची यादी समोर आली, तेव्हा त्यांनी तो मार्ग न धरता घरी राहून शुश्रूषा घेणे स्वीकारले. ऑगस्ट २०११ मध्ये घरीच त्यांचे निधन झाले.

या हकिकतीत वडील, आई आणि मुलगा असे तिघेही डॉक्टर होते, तरीही हे बोलणे त्यांना अवघड गेले. मग आपल्याला ते अवघड वाटले, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दुसरी गोष्ट अशी, की एकाच रुग्णाने एकदा थांबणे, एकदा शस्त्रक्रिया आणि एकदा नकार, असे तीन वेगळे निर्णय घेतले. निर्णय एकदाच कायमचा घ्यायचा नसतो. तो प्रत्येक वळणावर नव्याने घ्यायचा असतो, आणि दर वेळी त्याच माणसाला विचारून.

डॉक्टरांनाही विचारायला हवे. उपचाराचा हेतू नेमका कोणता: रोग बरा करणे, आयुष्य काही काळ वाढवणे, की त्रास कमी करणे? हा प्रश्न साधा आहे. पण तो न विचारल्यामुळे ‘उपचार सुरू आहेत’ याचा अर्थ घरातले लोक ‘बरे होणार आहेत’ असा लावतात. कर्करोग हाडात पसरलेला असेल, तर त्या वेदना शमवण्यासाठी पुष्कळदा किरणोपचाराची एकच बैठक पुरते. अन्ननलिका बंद होत आली असेल, तर नळी बसवून चार घास पोटात जाण्याची सोय करता येते. हेही उपचारच आहेत. बरे करण्याचे उपचार थांबले म्हणजे उपचार संपले, हा समज चुकीचा आहे.

त्रास कमी करण्याच्या या शास्त्राला पॅलिएटिव्ह केअर किंवा उपशामक शुश्रूषा म्हणतात. ती पत्करणे म्हणजे हार मानणे, असे आपण धरून चालतो. २०१० मध्ये बॉस्टन येथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच उपशामक शुश्रूषा दिली गेली. त्यांचे दिवस अधिक सुसह्य गेले, त्यांनी अखेरच्या काळात आक्रमक उपचार कमी घेतले, आणि तरीही ते इतरांपेक्षा सरासरी पावणेतीन महिने अधिक जगले. म्हणजे आयुष्याची लांबी आणि त्याची गुणवत्ता यांत नेहमी झगडाच असतो, असे नाही.

आपल्या भागात अडचण आहे ती सेवा घराजवळ मिळण्याची. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून कर्करुग्णांसाठी उपशामक शुश्रूषेचे विनामूल्य केंद्र चालते. तेथे नातेवाइकालाही सोबत ठेवून शुश्रूषा शिकवतात. तीव्र वेदनांवर मॉर्फिन हे स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन त्याच्या परवान्यांची गुंतागुंत कमी करण्यात आली. तरीही तालुक्याच्या गावी ते सहज मिळेल, अशी स्थिती नाही. येथे आपल्याच जिल्ह्यातील एका प्रयोगाची आठवण होते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले आणि अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गर्भवतीची आणि बालकाची काळजी गावातली बाई घेऊ शकते, हे जगाला दाखवणारा हा जिल्हा आहे. मग वेदनेची नोंद ठेवणे, जखम स्वच्छ करणे, अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलणे या गोष्टी गावपातळीवर का शिकवता येऊ नयेत? कर्करोगाची मोठी यंत्रे प्रत्येक तालुक्यात नेता येणार नाहीत. वेदनाशमन मात्र नेता येईल.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. खरे सांगितले, तर म्हातारा माणूस खचून जाईल, असे मुले म्हणतात. काही जण खचतीलही. म्हणून सगळे एकदम सांगावे, असे माझे म्हणणे नाही. ‘तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचे आहे?’ हा पहिला प्रश्न असावा. ‘ते सगळे पोरांना सांगा,’ असे वडील म्हणाले, तर तीही त्यांची निवडच आहे आणि तिचा मान राखावा. पण न विचारताच दार लावून घेणे वेगळे. पुष्कळ वृद्धांना अंतरी सगळे उमगलेले असते. ते मुलांना जपण्यासाठी गप्प राहतात, मुले त्यांना जपण्यासाठी. या दुहेरी मौनात निरोपाची वेळ निघून जाते.

कायद्याने आता या बोलण्याला आधार दिला आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण येण्याचा हक्क मान्य करून वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. बरे होण्याची आशा उरली नाही आणि बोलण्याची शक्ती गेली, तर कृत्रिम उपायांनी श्वास चालू ठेवावा की नाही, हे माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. पण कागद हा संवादाचा शेवट आहे, त्याची जागा घेणारा पर्याय नाही.

शके १२१२ मध्ये याच जिल्ह्यातील नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या तेराव्या अध्यायात ज्ञानदेवांनी वार्धक्याचे जे विस्तृत वर्णन केले आहे, त्यात जाणता माणूस जरा येण्याआधीच ती डोळ्यांसमोर आणतो, असा विचार आहे. अभ्यासक्रमातील एक उतारा म्हणून आपण तो वाचतो. तो घरात उतरवणे अधिक कठीण आहे. तुमच्यापैकी अनेकांचे आईवडील आज साठी-सत्तरीत असतील आणि धडधाकट असतील. हे बोलणे काढण्याची खरी वेळ तीच आहे. दवाखान्याच्या बाकावर ते सुचत नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून, कोणाच्या तरी आजारपणाचा विषय निघाला असता, ‘तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हाला काय हवे वाटेल?’ एवढे एक वाक्य विचारावे. उत्तर कदाचित लगेच मिळणार नाही. पण विचारले गेले आहे, हे त्यांच्या लक्षात राहील. आणि वेळ येईल तेव्हा ते ‘काय म्हणाले डॉक्टर?’ असे विचारून थांबणार नाहीत, स्वतःचे म्हणणेही सांगतील.